मानपत्रात ‘आर्जव’ लिहावं की नाही?

रामबागची (इंदूर)
नमस्कार मंडळी. जरा घाईची अडचण आहे, शनिवारी मजकूर छापायला द्यायचाय. आमच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ एका सोसायटीचे हिशेब कितीतरी वर्षं सांभाळून आता मोकळे होताहेत. पैचा घोळ नाही, आणि चुकणारा कितीही मोठा असो, चूक त्याच्यासमोरच सांगणार, पाठीमागे कधी नाही. त्यांचं मानपत्र मी लिहितेय. त्यात एक वाक्य आहे : ‘आपल्या स्वभावातील आर्जव आम्हां सर्वांना वंदनीय वाटते.’

पुण्याहून आलेल्या मावसबहिणीनं मसुदा वाचला आणि म्हणाली, ‘अगं, ते कुणापुढे आर्जवं करायचे?’ मी गप्पच झाले. माझ्या डोक्यात आर्जव म्हणजे सरळपणा, आतबाहेर एक असणं. हा अर्थ मी पुस्तकातून घेतलेला नाही. लहानपणी आमच्या समोरच्या ओटल्यावर जैन कुटुंब राहायचं. भादव्यात त्यांचे दहा दिवस सुरू झाले की दाराशी पाटीवर त्या त्या दिवसाचा धर्म लिहिलेला असे. तिसऱ्या दिवशी ‘उत्तम आर्जव’. बहुतेक तेव्हाच आमच्याकडे गौरी आलेल्या असत, म्हणून तो दिवस पक्का लक्षात आहे. तिथल्या आजींना मी अर्थ विचारला, तेव्हा त्या माळ ओवत होत्या. दोरा ताणून धरून म्हणाल्या, ‘मनात, तोंडात आणि हातात एकच. मध्ये गाठ नको.’

तर हा शब्द ठेवू की काढू? काढला तर जागी काय घालू?

कोशप्रेमी
ताई, तुमचा अर्थ चुकीचा नाही, तोच मुळातला आहे. ‘ऋजु’वरून आर्जव, जसं मृदुवरून मार्दव, लघुवरून लाघव, गुरुवरून गौरव. गीतेत हा शब्द तेराव्या, सोळाव्या, सतराव्या आणि अठराव्या अध्यायात येतो आणि चारही ठिकाणी सद्गुण म्हणूनच. सोळाव्यात तर दैवी संपत्तीच्या पहिल्याच श्लोकात आहे. आसुरी संपत्तीची यादी दंभापासून सुरू होते, म्हणजे आर्जव कशाच्या समोर उभं आहे ते पाहा. गयावया हा नंतर बिघडलेला अर्थ. बिघाडापुढे मान तुकवून चांगला शब्द मागे घेऊ नका.

बडोदेकरीण
बिघडलेला का म्हणायचं? माझी आई तापलेल्या पोराला सांगायची, ‘औषध घे रे, किती आर्जवं करून घेशील?’ त्यात बिघाड कुठे आहे? ती तिची भाषा होती आणि त्यात तिचा जीव होता. मानपत्र ऐकायला बसलेली माणसं मांडीवर गीता घेऊन बसत नाहीत. ऐकताक्षणी त्यांना जे वाटेल तोच अर्थ. ताई, ‘सरळपणा’ लिहा.

कोशप्रेमी
आईची भाषा मलाही प्रिय आहे. पण या न्यायानं ‘शौच’सुद्धा गेलं. गीतेत ते आर्जवाच्या शेजारी बसतं, सतराव्या अध्यायात तर ‘शौचमार्जवम्’ असं जोडूनच येतं. आज कुणाच्या मानपत्रात ‘आपले शौच’ लिहून दाखवा. एकेक करून सगळे गुण असे सोडून दिले, तर माणसाची स्तुती करायला शब्द कुठले आणणार?

लष्करकर (ग्वाल्हेर)
मला यात अरबी-फारशीचा हात दिसतो. ‘अर्ज’! दरबारात अर्ज करायचा, अर्जदास्त पाठवायची, अर्जविनंत्या करायच्या. दोनशे-तीनशे वर्षं कानावर ‘अर्ज’ पडत राहिला आणि शेजारी ‘आर्जव’ उभं. ध्वनी एक, म्हणून अर्थही त्या बाजूला कलला. मराठी माणूस सरकारदरबारी सरळ उभा राहत होता तोवर आर्जव सरळ होतं. तो अर्ज घेऊन रांगेत लागला आणि शब्दही वाकला. आमच्या घरात तीन पिढ्या संस्थानच्या नोकरीत गेल्या, हे मी मनापासून सांगतोय.

निवृत्त मास्तर (इंदूर)
लष्करकर, कल्पना मोहात पाडणारी आहे, पण एक अडचण आहे. अर्ज आणि अर्जी हिंदीत आपल्याहून जास्त. बोलताना ‘अर्ज़ किया है’ म्हणणारे ते. मग हिंदीतलं आर्जव का नाही वाकलं? हिंदीचा कोणताही कोश उघडा, सरळता हाच अर्थ आहे.

लष्करकर
कारण हिंदीत तो शब्द तोंडात कधी आलाच नाही, पोथीत राहिला. पोथीतला शब्द झिजत नाही. आपल्याकडे तो स्वयंपाकघरात आला, म्हणून झिजला.

निवृत्त मास्तर
हे उत्तर चांगलं आहे, मान्य. तरी माझं मत वेगळं. वळण अर्जाच्या कितीतरी आधीचं असावं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. तेराव्या अध्यायात माउली आर्जव समजावतात तेव्हा सूर्य कुणाचं तोंड पाहून उजेड देत नाही, असा दाखला देतात. म्हणजे समोरचा कोण आहे हे न बघता सारखंच वागणं. सोळाव्यात ते आणखी पुढे जातात. बाळाच्या हिताचं आईचं दूध, तसं प्राणिमात्राशी सौजन्य म्हणजे आर्जव. बघा, मूळ संस्कृतातली ताठ काठी इथं ओलसर झाली. सरळपणातून सौजन्य, सौजन्यातून गोड बोलणं, गोड बोलण्यातून मनधरणी, आणि मनधरणीतून गयावया. कुणी बिघडवलं नाही. आईच्या दुधाच्या दाखल्यापासून बडोद्याच्या ताईंच्या आईच्या औषधापर्यंत वाट सलग आहे.

बडोदेकरीण
मास्तर, हे वाचून अंगावर काटा आला. आईला वाचून दाखवायला हवं होतं.

कोशप्रेमी
सुंदर मांडणी. पण सौजन्य आणि गयावया यांच्यात मोठी दरी आहे. सौजन्यात माझं काही अडलेलं नसतं, गयावयात अडलेलं असतं. ही दरी एका उडीत कशी ओलांडलीत?

निवृत्त मास्तर
याच दरीवर ॲरिस्टॉटल थांबला होता. लोकांशी नीट वागण्याचा जो गुण, त्याच्या एका बाजूला भांडखोर आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांना खूश ठेवणारा. त्यातही दोन जाती : स्वार्थाशिवाय गोड बोलणारा वेगळा, आणि फायद्यासाठी बोलणारा तो खुशामती. मधल्या गुणाला मात्र नाव नाही, असं तो स्वतः म्हणतो, मैत्रीसारखा आहे एवढंच सांगतो. मला वाटतं मराठीनं त्या निनावी जागेवर आर्जव बसवलं आणि मग ते खुशामतीच्या बाजूला घसरलं. जागाच उताराची आहे. सार्वजनिक कामात सगळ्यांशी गोड असलेला माणूस कोणत्या दिवशी लाचार होतो, हे त्यालाही कळत नाही. मी शाळेत असताना हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

मालवमाती
रामबागच्या ताईंच्या आजीबाईंचं कुणी पुढे नेलंच नाही. मी जैन घरातली, आईकडून मराठी. आमच्याकडे चार कषाय, म्हणजे मनाचे विकार : क्रोध, मान, माया, लोभ. दशलक्षण म्हणजे भादव्यातले ते दहा दिवस, त्यातले पहिले चार धर्म या विकारांवरचे उतारे. क्रोधावर क्षमा, मानावर मार्दव, मायेवर आर्जव, लोभावर शौच. म्हणजे शौचही मुळात लोभ सुटणं आहे, कोशप्रेमींना हे आवडेल. आणि आर्जव ज्याच्या विरुद्ध लढतं ती माया म्हणजे कपट, मनात एक आणि दाखवायचं दुसरं.

पण माझी आई मला ‘माया कर गं धाकट्यावर’ म्हणायची! मराठीत माया म्हणजे जीव लावणं. दहा वर्षांची होईपर्यंत मला कळेना की मंदिरात जी सोडायची तीच घरी का करायची. म्हणजे मराठीनं गुण आणि दोष दोन्ही हलवले. कपटाला वात्सल्य केलं आणि सरळपणाला विनवणी.

बडोदेकरीण
आणि ‘त्यानं बरीच माया जमवली’ म्हटलं की तिसरीच. तिथं पैसा, तोही बहुधा वाकड्या वाटेचा.

लष्करकर
शिंपी ठेवतो तीही माया! पोरगं वाढेल म्हणून शिवणीत जास्तीचं कापड सोडतात. आमचा शिंपी विचारायचा, ‘माया किती सोडू?’ मला तर सगळ्यात सुंदर अर्थ हाच वाटतो. पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून आत राखून ठेवलेलं.

कोशप्रेमी
माया हा वेगळा विषय आहे, पण तरी सांगतो : आईची माया आणि कपटाची माया एकाच शब्दाच्या फांद्या आहेत, आणि मोह हा दुवा. गुंतवून ठेवते ती माया. संतांनी आईच्या प्रेमालाही गुंता मानलं, लोकांनी त्याच गुंत्याला प्रेम मानलं.

मालवमाती
‘गुंता मानलं’ हे मला पटत नाही. आई गेली त्या वर्षी मी हा शब्द खूप उलटसुलट केला आहे. तिनं मला कुठं गुंतवलं नव्हतं.

कोशप्रेमी
क्षमा करा. शब्दाच्या मागे लागलो की समोरच्या माणसाकडे लक्ष राहत नाही.

रामबागची
मंडळी, शिंप्याची माया फार आवडली, पण मानपत्रात काय लिहू ते राहिलंच. बहीण म्हणते, सरळ ‘प्रामाणिकपणा’ लिही.

निवृत्त मास्तर
मराठी श्रोत्यांसाठी उत्तम. पण कार्यक्रमाला निम्मे हिंदीभाषक असतील, तर लक्षात ठेवा, त्यांच्याकडे ‘प्रामाणिक’ म्हणजे अधिकृत, पुरावा असलेला. कागद प्रामाणिक असतो, माणूस ईमानदार असतो. आमच्या इंदूरच्या घरांत हे नेहमीचं. ‘चेष्टा’ म्हटलं की आपल्याला टिंगल ऐकू येते आणि त्यांना प्रयत्न.

लष्करकर
एक सुचवू? एकवचन आणि अनेकवचन वेगळं ठेवू. ‘आर्जवं’ केली की विनवणी, ‘आर्जव’ असलं की गुण. अहिल्याबाईंचंच घ्या. १७६७ साली मुलगा मालेराव गेल्यावर राघोबादादा दौलतीवर डोळा ठेवून निघाले, तेव्हा बाईंनी त्यांना आर्जवं केली नाहीत. लढायला या, असं स्वच्छ कळवलं, अशी कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आर्जवं न करणं हेच त्यांचं आर्जव. एका वाक्यात दोन्ही बसतात.

बडोदेकरीण
वाक्य छान आहे, नियम टिकत नाही. ‘तो आर्जवानं म्हणाला’ हे एकवचनच आहे आणि तिथं विनवणीच ऐकू येते. ‘आर्जवी स्वर’ म्हणजेही सरळ स्वर नव्हे.

कोशप्रेमी
‘ऋजुता’ लिहा. मूळ तेच, आणि त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

बडोदेकरीण
हात लागला नाही, कारण कुणी वापरत नाही! ऋजू माणूस म्हटलं की मला मऊ बोलणारा, कुणाला न दुखावणारा दिसतो. ताईंचे काका तर तोंडावर चूक सांगणारे आहेत.

निवृत्त मास्तर
म्हणजे ऋजूही त्याच उतारावरून निघाला म्हणायचा. ताई, माझं मत, ‘आर्जव’च ठेवा, आणि पुढे आजीबाईंचं दोऱ्याचं वाक्य जोडा. शब्द एकटा सोडला की लोक हवं तिकडे नेतात.

रामबागची
मजकूर दिला एकदाचा. मास्तरांचं ऐकणार होते, पण काकांना एकदा वाचून दाखवावं असं वाटलं. त्यांनी ‘आर्जव’वर बोट ठेवून विचारलं, ‘हे काय आहे?’ मी दोऱ्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘मग दोराच लिही ना.’ त्यामुळे आता वाक्य असं आहे : ‘आपल्या मनात, बोलण्यात आणि हिशेबाच्या वहीत आम्हांला कधी गाठ सापडली नाही.’

कोशप्रेमी
वाक्य फार चांगलं झालं. पण शब्द गेला, याचं मला खरंच वाईट वाटतंय.

लष्करकर
गेला नाही. आत्ता आठवलं, घरात दोन भावांचं बिनसलं की आमची आजी धाकट्याला म्हणायची, ‘जा, त्याचं आर्जव कर.’ रुसलेल्याला जवळ आण, एवढाच अर्थ. त्यात गयावया नव्हती आणि गीताही नव्हती. मास्तर, तुमच्या वाटेवरचा हा मुक्काम कुठला?

निवृत्त मास्तर
सौजन्याच्या पुढचा आणि मनधरणीच्या अलीकडचा. ‘चं आर्जव कर’ की ‘ला आर्जव कर’? प्रत्यय नक्की आठवतो का? त्यावर बरंच अवलंबून आहे.

लष्करकर
‘चं’च असावं. थोरल्या बहिणीला विचारून सांगतो. ती आजीजवळ जास्त राहिली आहे.