गॉटन : शब्द आहे की चूक?

भाची या जूनमध्ये अमेरिकेतून आली, इथे सातवीत घातलीय. पहिल्याच निबंधात तिने 'इट हॅज गॉटन व्हेरी हॉट' लिहिलं, तर बाईंनी गॉटनला लाल गोल केला आणि शेजारी शेरा, 'असा शब्द नाही'. पोर रडवेली झाली, म्हणते मावशी तिकडे तर सगळे असंच बोलतात. आम्हीही शाळेत गेट-गॉट-गॉट असंच घोकलं होतं, त्यामुळे मलाही काही सांगता येईना. कोणी नीट सांगेल का?

— ताई, शब्द आहे, आणि चांगला जुना आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात, अगदी सुरुवातीला, काइन जन्मल्यावर हव्वा म्हणते 'आय हॅव गॉटन अ मॅन फ्रॉम द लॉर्ड'. त्याच काळात इंग्रज अमेरिकेत वस्ती करायला गेले, ते हे रूप सोबत घेऊन गेले आणि तिथे ते टिकलं. मागे इंग्लंडात प्रमाण भाषेतून हळूहळू गळालं, उत्तरेकडच्या बोलींत मात्र राहिलं. आपण इंग्रजी शिकलो ब्रिटिशांकडून म्हणून आपल्या पाठांतरात गॉट. पण फरगॉटन तर आपण रोज लिहितो ना, तिथे तो 'टन' कोणालाच खटकत नाही! आपल्याकडे नाही का, अभंगात 'दिधले' आहे, आज आपण 'दिले' म्हणतो, म्हणून दिधले हा शब्दच नाही असं कोणी म्हणेल का.

आणि अमेरिकन माणूस सरसकट गॉटन म्हणत नाही, हे मला फार आवडतं. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी घेतली. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जायलाच हवं, आणि तिथेच गॉटन घातलं की जायला मिळालं. जावं लागणं आणि जायला मिळणं, केवढा फरक आहे बघा, आणि तो एका 'टन'वर पेललाय. ब्रिटिश इंग्रजीत हे दोन्हीकडे गॉटच, मग संदर्भावरून ओळखायचं.

— मग परीक्षेत काय लिहू दे तिला?

— गॉट. शाळा ब्रिटिश पद्धतीचं शिकवते तर तेच लिहावं, आणि बाईंनी दुरुस्ती केली यातही काही गैर नाही. 'आपल्याकडे गॉट लिहितात' एवढं म्हटलं असतं तर बरोबर होतं. 'असा शब्द नाही' हे मात्र चूक, आणि लेकराला वाटतं आपण आजवर बोललो ते सगळंच खोटं, ते मला फार लागलं.

— आत्ताच तिला ती जायची दोन वाक्यं म्हणून दाखवली आणि फरक विचारला. मी दुसरं वाक्य संपवायच्या आत म्हणाली, अगं पहिल्यात जायचंच आहे आणि दुसऱ्यात चान्स मिळाला. कोणी शिकवलं नव्हतं हं तिला. उद्या वही घेऊन बाईंना भेटते, मार्क राहू देत, तो शेरा तेवढा बदलून मागते.