टॉवेल कडक झालेत, पाणी टिपत नाहीत आणि ओले झाले की कुबट वास. काय करावं?

सांजवारा
नमस्कार मंडळी. अंघोळीचे टॉवेल मशीनमध्ये धुवून धुवून पार पत्र्यासारखे झालेत. अंग पुसायला घेतला की पाणी टिपायच्या ऐवजी इकडून तिकडे नुसतं पसरवतो. त्याहून जास्त वैताग वासाचा आहे. वाळलेला टॉवेल नाकाशी धरला तर काहीच नाही, छान डिटर्जंटचा वास, पण अंग पुसून जरा ओला झाला की लगेच कुबट. मशीन फ्रंट लोड आहे, लिक्विड डिटर्जंट घालते आणि कप्प्यात सॉफ्टनर, बाकीच्या कपड्यांबरोबरच ४० वर लावते आणि घाई असली की क्विक वॉश. सॉफ्टनर वाढवून बघितला, हाताला मऊ लागतात पण पाणी आणखीच टिपेनासे झाले. टॉवेल फार जुने नाहीत, चांगले जाड आहेत, फरशी पुसायला काढायला जीव होत नाही. हे सुधारतात का? आणि गरम पाण्यात टाकले तर रंग जातील का, ही पण भीती आहे.

कापूसवेचणी
सुधारतात, टाकू नका. पहिलं काम म्हणजे सॉफ्टनर बंद, टॉवेलसाठी कायमचा. कारण सांगते म्हणजे पटेल. टॉवेलच्या अंगावर जे छोटे छोटे दोऱ्याचे लूप असतात ना, पाणी तेच ओढून घेतात, सुती धाग्याला मुळात पाणी आवडतं. सॉफ्टनरमधले रेणू एका टोकाने सुताला चिकटतात आणि त्यांचं दुसरं टोक असतं चरबीसारखं, ते बाहेर राहतं. म्हणजे प्रत्येक धाग्यावर पातळसा स्निग्ध थर बसला. हाताला मऊ लागतं ते या थरामुळे आणि पाणी आत शिरत नाही तेही त्याच थरामुळे. त्यात जास्तीचं डिटर्जंट नीट विसळलं न जाता आत राहतं, पाणी जड असेल तर क्षार बसतात, आणि अंगाचं तेल, मेलेली कातडी असतेच. तुमचा टॉवेल खराब झालेला नाही, भरलेला आहे. त्याच्यात आणखी काही घालून तो मऊ होणार नाही, आत साठलंय ते काढावं लागेल.

खात्री करायची असेल तर धुतलेले वाळलेले टॉवेलच परत मशीनमध्ये टाका, डिटर्जंट अजिबात नको, नुसतं गरम पाणी, आणि ड्रम फिरायला लागला की काचेतून बघा. फेस दिसला तर तो मागच्या धुण्यांचा साठलेला साबण आहे. फेस येणं थांबेपर्यंत नुसत्या पाण्यावर परत परत लावायचे. मग पुढच्या वेळेपासून डिटर्जंट कमी. बाटलीच्या झाकणावरची सगळ्यात वरची रेघ खूप मळलेल्या भरगच्च लोडसाठी असते, रोजच्या टॉवेलला खालची पुरते.

रातराणी_७
मी तर अर्धा कप खायचा सोडा आणि एक कप व्हिनेगर एकत्रच ड्रममध्ये टाकते, मस्त फसफसतं आणि सगळी घाण निघते. करून बघा नक्की.

बाराखडी
रातराणी, एकत्र नका टाकू. फसफसतं ते कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो म्हणून, घाण निघतेय म्हणून नाही. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोघांनाही काम आहे. क्षारांचा थर आम्लाने सुटतो, म्हणजे पांढरं साधं व्हिनेगर अर्धा ते एक कप किंवा थोडं सायट्रिक ॲसिड, एका धुण्यात तेवढंच. तेलकटपणासाठी अल्कली लागते आणि तिथे खायच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा कितीतरी जोरदार, तो दुसऱ्या धुण्यात, गरम पाण्यात. व्हिनेगर दर वेळी मात्र नको, सतत आम्ल लागून मशीनचे रबरी भाग लवकर खराब होऊ शकतात. मॅन्युअलमध्ये व्हिनेगर नको असं लिहिलं असेल तर अजिबातच नको.

आणि हे सगळ्यांनी कृपया लक्षात ठेवा, व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड क्लोरीनवाल्या ब्लीचबरोबर कधीही नाही. विषारी क्लोरीन वायू होतो. एकाच कप्प्यात नाही, एकाच धुण्यात नाही, एक संपलं आणि ड्रममध्ये थोडं राहिलंय तोवर दुसरं ओतलं असंही नाही. बाथरूमसारख्या बंद जागेत मशीन असेल तर जास्तच जपा.

ओलावा
वासाबद्दल मी लिहितो कारण त्याचा उपाय वेगळा आहे. वाळल्यावर वास नाही आणि ओलं झालं की येतो, याचा अर्थ धाग्यात जंतू जिवंत आहेत. मोराक्सेला नावाचा एक जंतू या कुबट वासासाठी ओळखला जातो, तो कोरड्या कापडात तग धरतो आणि ओल आणि अंगाचं तेल मिळालं की परत कामाला लागतो. ३०-४० च्या धुण्यात आणि त्यातून क्विक वॉशमध्ये तो पूर्ण जात नाही. अर्ध्या तासाच्या क्विक वॉशमध्ये जाड टॉवेल आतपर्यंत नीट भिजतसुद्धा नाही हो, तो प्रोग्राम एक दोन वेळा घातलेल्या हलक्या कपड्यांसाठी असतो.

तर टॉवेल वेगळे काढा, कॉटनचा लांब प्रोग्राम, ६० डिग्री, आणि वास मुरलेला असेल तर ऑक्सिजन ब्लीचची पावडर (सोडियम परकार्बोनेट असं पाकिटावर लिहिलेलं असतं). ती गरम पाण्यातच नीट काम करते, थंडात फारसा उपयोग नाही. क्लोरीनसारखा रंग खात नाही पण रंगीत टॉवेल असेल तर आधी कोपऱ्यावर बघून घ्या. रंगाचं म्हणाल तर लेबलवर ६० चा आकडा असेल तर बिनधास्त, फक्त गडद आणि फिके वेगळे लावा. बांबू व्हिस्कोसचे असतील तर लेबल सांगेल तेवढंच तापमान, तो धागा ओला असताना कमजोर पडतो.

ड्रम ठासून भरू नका. कोरडे टॉवेल टाकल्यावर वर हात आडवा सहज जाईल एवढी जागा हवी. टॉवेल वरून आपटले पाहिजेत, नुसते एकमेकांना चिकटून फिरत राहिले तर साबण आत जातो पण बाहेर येत नाही. एक्स्ट्रा रिन्सचं बटण असेल तर ते टॉवेललाच वापरायचं.

आणि मशीन! दाराचं रबर बोटाने मागे ओढून घडीत बघा. केस, लिंट आणि काळपट चिकट थर सापडला तर अर्धा वास तिथून येतोय. पुसून घ्या, डिटर्जंटचा कप्पा पूर्ण बाहेर काढून घासा, मग रिकामं मशीन सगळ्यात गरम प्रोग्रामवर. धुणं झालं की दार आणि कप्पा उघडा ठेवायचा. धुतलेले टॉवेल रात्रभर आत राहिले तर सरळ परत धुवा, वाळवून तो वास जात नाही.

झुळूक
वाळवण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मशीनमधून काढला की दोन्ही कोपरे धरून जोरात झटकायचा, चार पाच फटके, मग उलटून दुसरी बाजू. स्पिनमध्ये आडवे झोपलेले लूप उभे राहतात, हात फिरवून बघा फरक कळतो. मग दोरीवर पसरून, दुहेरी घडी नको, वारा असेल तिथे. साबण पूर्ण निघाला तरी वारा नसलेल्या जागी वाळलेला सुती टॉवेल थोडा कडक होतोच. त्याचं कारण २०२० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलंय, धाग्यांना चिकटून थोडंसं पाणी उरतं आणि ते धागे एकमेकांना डिंकासारखे जोडून ठेवतं. म्हणून वाळल्यावर परत एकदा झटकायचा किंवा हाताने चोळायचा, ते जोड तुटतात आणि मऊ होतो. ड्रायर असेल तर शेवटची दहा मिनिटं त्यात फिरवला तरी चालतं, पूर्ण वाळवायची गरज नाही. मात्र मसाजचं तेल मुरलेले टॉवेल ड्रायरमध्ये नका घालू, धुतल्यावरही तेल राहतं आणि गरम ढिगाने पेट घेतल्याच्या घटना झाल्यात.

वापरलेला टॉवेल पण असाच, पसरून. हुकाला गोळा करून अडकवला की घडीत ओल तशीच राहते. आणि तीन चार वापरांनंतर धुवाच.

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार! काल तीन टॉवेल नुसत्या गरम पाण्यावर लावले, डिटर्जंटचा थेंब नाही, आणि काचेवर अक्षरशः फेसच फेस. दुसऱ्या वेळी कमी, मग जवळपास स्वच्छ पाणी. त्यानंतर ६० वर ऑक्सिजन ब्लीच. आज सकाळी अंघोळीनंतर मुद्दाम ओल्या टॉवेलचा वास घेऊन बघितला, काहीही नाही, आणि पाणी एका पुसण्यात टिपतोय. कडकपणा अजून थोडा आहे, व्हिनेगरचं एक धुणं करून बघेन.

अजून दोन शंका. निळ्या टॉवेलवर फिकट नारिंगी डाग पडलेत, ब्लीच त्याला कधीच लागलेलं नाही. आणि एका टॉवेलचे धागे ओढले जाऊन लोंबतायत, गाठ मारू का?

कापूसवेचणी
गाठ नको, ओढायचा तर मुळीच नाही, नाहीतर शेजारचे लूप पण निघत जातील. कात्रीने पृष्ठभागाला लागून कापून टाका, लूप विणीत पक्के असतात, एक कापल्याने टॉवेल उसवत नाही. बहुतेक वेळा चेन नाहीतर ब्राचे हुक हे करतात, म्हणून पण टॉवेल वेगळे लावायचे.

बाराखडी
घरात कोणी पिंपल्सचं क्रीम लावतं का? त्यात बेन्झॉइल पेरॉक्साइड असेल तर तेच, ते स्वतःच ब्लीच करतं. रात्री क्रीम लावून सकाळी तोंड धुतलं तरी थोडं राहतं आणि टॉवेलला लागतं. तो डाग म्हणजे रंगच गेलेला आहे, कशानेही परत येणार नाही. त्या व्यक्तीला तोंडासाठी पांढरा टॉवेल वेगळा द्या, उशीची खोळही पांढरी.