व्हेपने तलफ भागत नाही, पण धडधड दिवसभर. निकोटीन कमी जातंय की जास्त? (मदत हवी आहे)

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

चोपड्याला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, वय 41. कॉलेजात लागलेली सिगारेट काही सुटली नाही, रोजचं दहाचं पाकीट ठरलेलं. दिवाळीला पुण्याहून भाचा आला, त्याने त्याचा जुना व्हेप (ई-सिगारेट) मला देऊन टाकला. "मामा, यात जळत काही नाही, आणि निकोटीन पण सिगारेटच्या निम्मं." त्याचा हिशोब असा, की सिगारेटमध्ये 12 मिलिग्रॅम असतं आणि बाटलीवर 6 लिहिलंय.

तेव्हापासून सगळं उलटंच चाललंय. सकाळी शटर वर केलं की जी तलफ येते ती या यंत्राने भागत नाही. कितीही झुरके मारा, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, शेवटी टपरीवरून एक सिगारेट आणतोच. म्हणजे निकोटीन कमी जातंय म्हणावं, तर दुपारनंतर छातीत धडधड, हाताला बारीक कंप, रात्री उशिरापर्यंत डोळा लागत नाही. चहा पूर्वीइतकाच आहे, पण आता संध्याकाळच्या कपानंतर जीव घाबराघुबरा होतो.

आमचे तात्या, म्हणजे वडील, रोज ओट्यावर बसून तंबाखू मळतात. डबीतून नखाने चुना काढायचा, अंगठ्याने तळहातावर घोटायचा, वरून दोन थापा मारून धूळ उडवायची, मग चिमूट ओठाखाली. माझं यंत्र बघून म्हणाले, "चुना नही लावा ते तमाखू लागस का? तुना त्या नळकांडीमा चुना शे का?"

हसण्यावारी नेलं, पण प्रश्न खरा तोच आहे. हे निकोटीन रक्तात जातं कसं, आणि सिगारेटपेक्षा वेगळं काय घडतं? जाणकारांनी सांगावं. "सगळंच सोडून दे" हा सल्ला घरातून रोज मिळतो, तो वगळून.

शेवभाजी_धुळे

तात्या रॉक्स! धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडेही असा एक भाचा आहे.

केळीबाग_रावेर

भाऊ, बाटली केवढी, दिवसाला किती संपते, आणि यंत्र कसलं ते लिहा. पेनसारखं बारीक की मोठ्या बॅटरीचं, ढग काढणारं? त्याशिवाय कोणी नीट सांगू शकणार नाही.

तापीकाठ

मोठ्या बॅटरीचं आहे, वरून लिक्विड भरायचं. बाटली 30 मिलिलीटरची, आंब्याचा वास. साधारण आठवडा पुरते. बाटलीवर "6 एमजी पर एमएल" एवढंच आहे, कोणी बनवली त्याचा पत्ता नाही. गल्ल्यावर ठेवलेलं असतं, गिऱ्हाईक गेलं की एक झुरका.

रसायन_अमळनेर

बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून या धाग्यावर हात शिवशिवले. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी भाच्याचा हिशोब. सिगारेटच्या तंबाखूत 10 ते 14 मिलिग्रॅम निकोटीन असतं हे खरं, पण ते सगळं ओढणाऱ्याला मिळत नाही. बरंचसं जळतं, बाजूच्या धुरात उडतं, थोटकात राहतं. रक्तात पोचतं ते एका सिगारेटमागे साधारण 1 ते 1.5 मिलिग्रॅम. तुमच्या बाटलीवरचे 6 हे दर मिलिलीटरला आहेत. आठवड्याला 30 मिलिलीटर म्हणजे दिवसाला चारच्या वर, म्हणजे 25 मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन तुम्ही वाफेत उडवताय. आत ओढलेल्या वाफेतलं बहुतेक निकोटीन शरीरातच राहतं. थोडं वाया गेलं असं धरलं, तरी दहा सिगारेटींच्या 10-15 मिलिग्रॅमपेक्षा हे कमी नाही. "निम्मं" तर मुळीच नाही.

मग सकाळची तलफ का भागत नाही? इथे तात्यांचा चुना येतो, आणि तात्या शंभर टक्के बरोबर आहेत.

निकोटीन हा सौम्य अल्कली आहे. आम्लधर्मी माध्यमात त्याच्या रेणूवर विद्युतभार चढतो आणि असा भारित रेणू पेशींच्या पडद्यातून सहजी आत शिरत नाही. माध्यम अल्कधर्मी झालं की भार उतरतो आणि तोच रेणू झटकन आरपार जातो. चुन्याचं काम नेमकं हे. तंबाखूचा पीएच (आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) वर जातो, निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या-ओठाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरतं. बिनचुन्याची तंबाखू "लागत" नाही ती म्हणूनच.

सिगारेटचं उलटं. तिचा धूर बऱ्यापैकी आम्लधर्मी असतो, त्यामुळे तोंडात फारसं काही शोषलं जात नाही. धूर छातीत घेतला की मात्र तो फुप्फुसाच्या वायुकोशांवर पसरतो. तिथला पीएच 7.4, पृष्ठभाग अफाट आणि रक्त अगदी चिकटून. निकोटीन रक्तात मिसळून हृदयाच्या डाव्या बाजूने थेट मेंदूकडे निघतं आणि झुरक्यानंतर 10 ते 20 सेकंदांत पोचतं. ती जी "किक" म्हणतात, ती या वेगाची आहे, नुसत्या प्रमाणाची नाही.

तुमच्या बाटलीत, वर्णनावरून, मोकळं म्हणजे फ्रीबेस निकोटीन असावं. मोठ्या बॅटरीच्या यंत्रांत कमी मिलिग्रॅमचं तेच घालतात. ते घशाला खवखवतं, शिवाय त्यातला बराच भाग तोंडात आणि घशाजवळच शोषला जातो, खोल छातीत कमी. म्हणजे चढण सावकाश. रक्तातली पातळी वाढते, पण सिगारेटसारखा उभा सुळका येत नाही. मेंदूला सवय सुळक्याची, म्हणून तुम्हाला "राहून गेलं" असं वाटतं.

नंदुरबारी

सर, हे पटत नाही. माझा चुलतभाऊ मुंबईला असतो, तो वापरून फेकायचा बारका व्हेप ओढतो, 5 टक्क्यांचा. तो म्हणतो सिगारेटपेक्षा जोरात लागतो. त्याची चढण सावकाश का नाही?

रसायन_अमळनेर

त्याच्यातलं निकोटीन वेगळ्या रूपात आहे, म्हणून. त्यात बेन्झोइक आम्लासारखं आम्ल घालून निकोटीनचं क्षार केलेलं असतं. अमेरिकेत जूल नावाचा व्हेप 2015 ला आला तो असाच. आम्लामुळे वाफ घशाला मऊ लागते, खोकला येत नाही, म्हणून जास्त तीव्रतेचं लिक्विड खोल छातीत ओढता येतं. तिथे पुढचं सगळं सिगारेटसारखंच. जूलच्या 5 टक्क्यांचा अर्थ दर मिलिलीटरला जवळपास 59 मिलिग्रॅम. युरोपीय संघात कमाल मर्यादा 20 ची आहे, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून "व्हेपमध्ये निकोटीन कमी शोषलं जातं" आणि "जास्त शोषलं जातं" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. कुठलं लिक्विड, किती वॅट, झुरका केवढा, यावर आकडा बदलतो. व्हेपचा झुरका सिगारेटपेक्षा लांब असतो, हेही धरा.

आता तापीकाठांची धडधड. सिगारेट दहा-बारा झुरक्यांत संपते, थोटूक विझवावं लागतं, दुसरीसाठी उठावं लागतं. तुमच्या यंत्राला शेवटच नाही. ते गळक्या नळासारखं आहे, थेंब लहान, पण बादली भरतेच. निकोटीन निम्मं उतरायला सुमारे दोन तास लागतात. दर गिऱ्हाइकामागे एक झुरका म्हणजे आधीचं उतरायच्या आत नवीन आत. सहा-आठ तासांत पातळी चढत जाते आणि संध्याकाळी सर्वांत वर असते. सकाळी तलफ भागत नाही आणि संध्याकाळी धडधडतं, ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. किक नाही म्हणून जास्त ओढता, जास्त ओढता म्हणून साठतं.

शेवभाजी_धुळे

आमच्या कॉलेजात असे सर असते तर आज आम्ही नासात असतो. आणि चहाचं काय? तो प्रश्न राहिला.

ओपीडी_जळगाव

चहाचं मी सांगतो, कारण ते दवाखान्यात नेहमी बघतो आणि लोकांना खरं वाटत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जास्त कामाला लागतं. कॅफिनचा निचरा तेच विकर करतं. हे धुरामुळे होतं, निकोटीनमुळे नाही. सिगारेटी दहावरून एकीवर आल्या, की ते विकर हळूहळू मंदावतं आणि तेवढाच चहा रक्तात जास्त वेळ रेंगाळतो. चहा तोच, पण शरीराला लागतो जास्त. त्यात वरून निकोटीन. संध्याकाळचा कप बंद करा, बाकीचे निम्मे करून बघा. दम्यासाठी थिओफायलीन घेणाऱ्यांनी सिगारेट कमी केली तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं, तिथे डोस बदलावा लागू शकतो.

तापीकाठ, धडधडीला मात्र फोरमवरच्या निदानावर सोडू नका. निकोटीनने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, पण चाळिशीनंतर धडधडीचं कारण दुसरंही असू शकतं. या आठवड्यात ईसीजी आणि बीपी करून घ्या. छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर आठवडाही थांबायचं नाही.

आणि ती सकाळची एक सिगारेट. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. दिवसाला वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा एकच ओढणाऱ्यालाही असतो. आपल्याला वाटतं विसावा भाग असेल. व्हेपमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर नाही हे खरं, पण सोबत एक सिगारेट ठेवली तर तो फायदा बराचसा त्याच टपरीवर सोडून येता.

केळीबाग_रावेर

माझी भर कोरडी आहे, पण लिहितो. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, साठा, आयात, जाहिरात सगळं बंद आहे. विक्रीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे बाजारात जे फिरतं ते चोरीछुपे. पत्ता नसलेल्या बाटलीवरचा "6" खराच 6 आहे हे कोण तपासणार? वरचा सगळा हिशोब त्या एका आकड्यावर उभा आहे.

अजून एक, बाटली गल्ल्यावर ठेवू नका. आंब्याचा वास आहे, दुकानात लेकरं येतात. 30 मिलिलीटर म्हणजे 180 मिलिग्रॅम निकोटीन, लहान पोराच्या पोटात थोडंही गेलं तरी जिवावर बेतू शकतं.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बाटली कपाटात कुलपात गेली. तात्यांना रसायन सरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते आता गल्लीभर सांगत फिरताहेत की अमळनेरच्या प्रोफेसरने त्यांना पास केलं.

ईसीजी उद्या करतो. डॉक्टरसाहेब, एकच विचारायचं आहे. व्हेप आणि सकाळची सिगारेट दोन्ही सोडून निकोटीनच्या गोळ्या चघळल्या तर सकाळी भागेल का? मेडिकलवाल्याकडून एकदा आणल्या होत्या, तोंडाला फक्त तिखट लागल्या, उपयोग काही झाला नाही.

ओपीडी_जळगाव

किक मिळणार नाही, हे आधीच मनाशी धरा. ते निकोटीन गालातून जातं, तात्यांच्या मार्गाने, त्यामुळे वेळ लागतो. म्हणून तलफ यायची वाट न बघता शटर उघडायच्या आधीच घ्यायची. बहुतेक जण ती बबलगमसारखी भराभर चावतात आणि लाळ गिळतात. पोटात गेलेलं निकोटीन मोठ्या प्रमाणात यकृतातच निकामी होतं, वर उचकी आणि जळजळ. दोन-चारदा चावायची, तिखट लागलं की गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास.

तुम्ही ती चहासोबत घेतली असणार. चहा-कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंड आम्लधर्मी होतं आणि रसायन सरांनी सांगितलं तसं निकोटीन गालातून आत जात नाही. आधी 15 मिनिटं आणि गोळी तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. निकोटीनची पट्टी अंगावर लावून वर गोळी असं दोन्ही चालतं, पण ते ईसीजी बघून ठरवू. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन 1800-11-2356 फुकट आहे, तिथेही बोलून घ्या. उद्याच्या ईसीजीला जाताना सकाळपासून सिगारेट, व्हेप आणि चहा काही घेऊ नका.