मदत हवी आहे: पसरणी घाटात काच आतून पांढरी होते

वाईवाला
रोज पहाटे वाईहून पाचगणीला जातो. पसरणी घाट लागला की समोरची काच आतून पांढरी. हीटर फुल्ल केला तरी जात नाही, उलट वाढतं. एका हातात स्टिअरिंग, एका हातात फडकं. मेकॅनिक म्हणतो थंडीत होतंच. उद्या परत जायचंय, लवकर सांगा.

माणदेशी गडी
गाडी कुठली, किती जुनी? एसी लावता का? हवा बाहेरची घेता की आतलीच फिरवता? काहीच न सांगता उपाय कसा द्यायचा राव?

वाईवाला
जुनी डिझेल हॅचबॅक. हवा आतलीच, बाहेर गारठा किती आहे! आणि एसी थंडीत कोण लावतं?

कृष्णाकाठची
घोळ तिथंच आहे दादा. एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावा. एसीच्या कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन गळते, मग ती कोरडी हवा तापून काचेवर येते. गोल बाणाचं, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करा आणि झोत काचेवर घ्या. मी महाबळेश्वरला अशीच जाते. वेण्णा तलावाकडं दव गोठतं, तरी काच स्वच्छ.

जुना ड्रायव्हर
एसीनं ॲव्हरेज पडतं. बटाटा कापून काचेवर घासा, आम्ही आयुष्यभर तेच केलं.

माणदेशी गडी
काका, ते पावसात बाहेरच्या काचेला. आतून घासलं तर समोरच्या गाडीच्या लाइटनं डोळे दिपतील.

हायवेवाला
काच पुसून काय दिसणार? कारखाने सुरू झालेत, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रेडियम. परवा नागठाण्याजवळ धुक्यात एकदम समोर आली, आधी मोळ्याच दिसल्या. आणि धुक्यात हाय बीम लावणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, धुकंच उजळतं, रस्ता नाही. डिपर ठेवा.

बॅटरी बघा
थंडीत बॅटरी आधी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. टायरची हवाही बघा, पारा 10 अंश उतरला की साधारण 2 पीएसआय कमी होते.

माणदेशी गडी
गाडी सुरू होत नाही असं कोण म्हणालं?

खटपट्या
हीटर लावल्यावर वाढतं म्हणालात, त्याकडं कुणाचं लक्ष नाही. काच पुसल्यावर फडकं चिकट लागतं का? गाडीत गोडसर वास? ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची मॅट उचलून बघा.

वाईवाला
मॅट ओली आहे! काचेवर तेलकट थर राहतो, बोट फिरवलं की रेघ उठते. वास बायकोच्या अत्तराचा वाटायचा. रेडिएटरच्या बाटलीत मधूनमधून पाणी घालतोच, जुन्या गाडीला ते चालायचंच.

खटपट्या
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं ना भाऊ! हीटर कोअर गळतोय, म्हणजे डॅशबोर्डमागची हीटरची जाळी, जिच्यातून इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरतं. कूलंटची वाफ काचेवर बसते.

कृष्णाकाठची
एसीचा ड्रेन पाइप तुंबला तरी मॅट ओली होते हं.

खटपट्या
ते साधं पाणी असतं, चिकट नाही. आणि हे एसी लावतच नाहीत.

वाईवाला
म्हणजे हीटर बंद ठेवला की झालं?

खटपट्या
नाही. बऱ्याच गाड्यांत हीटर बंद केला तरी कूलंट कोअरमधून फिरतच राहतं, फक्त हवेची झडप बंद होते. घाट चढताना पातळी उतरली तर इंजिन तापेल. गाडी गार असतानाच झाकण उघडून बघा. तात्पुरतं म्हणून इंजिनकडचे दोन हीटर पाइप जोडून बायपास करून घ्या. हीटर जाईल, काच वाचेल. कोअर बदलायला बहुतेकदा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ते निवांत करा. उद्या मात्र एसटीनं जा.

जुना ड्रायव्हर
बटाटा लावून बघितला का?

वाईवाला
आधी बायपास करतो काका. वाईत एसटी स्टँडच्या आसपास आज रात्री कुणी करून देईल का, तेवढं सांगा.