मदत हवी आहे: पावसाळ्याआधी १२ बोअर बंदुकीला नेमकं कोणतं तेल लावू?

नमस्कार मंडळी,

लांज्याकडे आमची आंबा-काजूची बाग आहे. बाबांच्या मागे शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना वारसानं माझ्या नावावर झाला. बंदूक सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची, १२ बोअर, दोन नळ्यांची (डबल बार), मोडून काडतुसं भरायची. वर्षाला जेमतेम आठ-दहा बार होतात, तेही वानरं उठवायला. बाकी वेळ ती कपाटात, नाहीतर पोलीस ठाण्यात.

ठाण्यात म्हणजे निवडणुकीत. २०२४ साली लोकसभेला जमा केली, आचारसंहिता उठल्यावर जूनमध्ये सोडवून आणली, तोवर पाऊस सुरू. नोव्हेंबरात विधानसभा, परत जमा. कुणाची तक्रार करत नाही, शे-दीडशे बंदुका एका खोलीत म्हटल्यावर कोण कुणाची पुसत बसणार. पण परत आली तेव्हा चापाच्या कड्याला बांधलेल्या चिठ्ठीच्या सुतळीचा वळ गंजानं जसाच्या तसा उमटला होता, पीळसुद्धा मोजता येईल असा. उजव्या नळीवर चार बोटांचे तपकिरी ठसे. बोटं माझीच असणार, कारण जमा करायला घाईघाईत घामेजल्या हातानंच घेऊन गेलो होतो.

तेव्हा नुसतं फडक्यानं पुसून ठेवली. आता मे संपत आला, हवा चिकट व्हायला लागलीय, आणि ते ठसे हाताला खरखरीत लागतात. घरात आहे ते सांगतो: खोबरेल (आजोबा तेच लावायचे), शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४० चा डबा, पंपाचं ग्रीस, आणि दुकानदारानं 'गन ऑइल' म्हणून दिलेली एक बाटली, जिच्यावर नाव ना गाव. आत्या म्हणते चिंच लावून घास, समईसारखी लख्ख होईल.

यातलं काय कुठं लावू? आणि लाकडी दस्त्याला काय? तो पांढुरका पडलाय.

—

पलटणवाला:

भाऊ, पहिलं आत्याबाईंना हात जोडून थांबवा. चिंच, लिंबू, व्हिनेगर काहीही नळीला लावायचं नाही. नळीचा जो काळा-निळा रंग आहे तो रंग नाही, लोखंडाचाच ऑक्साइड आहे, मुद्दाम चढवलेला, अगदी पातळ. आंबटानं गंज निघेल, आणि त्याबरोबर हा थरही. मग खाली उघडं पोलाद. पहिल्या पावसात पूर्ण लाल.

मी फौजेत हत्यारांच्या दुरुस्तीवर बावीस वर्षं काढली. लोक तेलाच्या नावावर भांडतात, पण एक तेल सगळीकडे चालत नाही, खरी गोची तिथे आहे. तुमच्या बंदुकीपुरतं सांगतो.

सुरुवात अर्थातच रिकामी करून. मोडा, काडतुसं बसतात त्या दोन्ही घरांत बोट घालून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण मी सांगणार.

बोटांचे ठसे: मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका, अर्धा तास मुरू द्या, मग चार शून्यवाली (०००० नंबरची) बारीक स्टील वुल घेऊन हलक्या हातानं फिरवा. हलक्या म्हणजे काच पुसतो तसं. तपकिरी चिखल निघेल तो पुसा, परत तेल. खाली काळा डाग राहिला तर राहू दे, तो पुढे वाढत नाही. भांड्याची घासणी आणि सँडपेपर चुकूनही नको.

डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण ते बंदुकीचं तेल नव्हे. १९५३ साली अमेरिकेत ॲटलस क्षेपणास्त्राला गंज लागू नये म्हणून पाणी हुसकवायला काढलेलं रसायन आहे ते. पावसात भिजून आलात तर मारा, पाणी निघेल, पण नंतर पुसून खरं तेल लावा. त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो पापुद्रा आपल्याकडच्या तीन हजार मिलिमीटर पावसाला पुरत नाही. कळेच्या, म्हणजे चाप-घोड्याच्या यंत्राच्या, आत तर फवारूच नका. धूळ धरून चिकटा होतो. आणि काडतुसांजवळ अजिबात नको. असं पातळ तेल काडतुसाच्या टोपीत (बुडाशी ठिणगी पाडणारी कॅप) झिरपलं तर ऐन वेळी बार फुसका जातो.

मशीनचं तेल: स्वच्छ, पातळ, हलत्या भागांना ठीक. नळीला बाहेरून ते महिनाभर टिकेल, चार महिने नाही. पावसाळ्यासाठी गंजरोधक तेल वेगळं मिळतं, बाटलीवर तसं छापलेलं असतं. ज्याच्यावर काही लिहिलेलंच नाही ती बाटली गेटाच्या कडीला लावा.

ग्रीस: इथे तुमच्या पंपाच्या ग्रीसला काम आहे. नळ्या मोडतात त्या बिजागराच्या खिळीवर आणि त्याला टेकणाऱ्या खाचेत तांदळाच्या दाण्याएवढं. तिथे धातू धातूवर जोरानं घासतो, पातळ तेल पिळून बाहेर पडतं. जुनं काळं झालेलं आधी पुसून घ्या, त्यात धुळीचे कण असतात आणि तेच खिळी खातात. गाडीचं काढलेलं जळकं ऑइल कुठंही नको, आम्लही असतं आणि लोखंडाचा कीसही.

नळीच्या आत: गजाला चिंधी लावून आधी कोरडी, मग सॉल्व्हंटची (मळ विरघळवणाऱ्या द्रवाची), मग कोरडी, पांढरी बाहेर येईपर्यंत. काडतुसातल्या प्लास्टिकचा आणि शिशाचा थर बसलेला असतो, त्याला पितळी ब्रश लागेल. शेवटी तेलाची एक चिंधी. बार काढायच्या आधी मात्र नळी आणि काडतुसाचं घर कोरडं पुसायचंच. बार होताना काडतूस फुगून घराच्या भिंतीला घट्ट धरतं, तेल असेल तर ती पकड सुटते आणि सगळा रेटा मागच्या पाटीवर, म्हणजे नळ्यांचं बूड बंद करणाऱ्या भागावर, येतो.

ठेवताना नळीचं तोंड खाली. सगळे उलटं ठेवतात. वर नळी, खाली दस्ता असला की तेल हळूहळू झिरपत लाकडाच्या गळ्यात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि एक दिवस तिथेच चिरतं. चामड्याच्या पिशवीत तर ठेवूच नका, ती ओल धरून बसते.

कळ उघडायचा मोह आवरा. ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याचंच काम, कायद्यानंही.

—

माडाखाली:

एवढं शास्त्र? आमच्या आज्यानं साठ वर्षं खोबरेलच लावलं. बंदूक आजही आरशासारखी.

—

पलटणवाला:

दादा, आज्यांची बंदूक खोबरेलानं नाही टिकली, आज्यांनी टिकवली. दर आठवड्याला खाली काढून पुसत असणार, बरोबर? तसं पुसलं तर काहीही चालतं. पण चार महिने कपाटात ठेवलं की खोबरेल खवट होतं, म्हणजे त्यात आम्ल सुटतं. शिवाय २४-२५ अंशांखाली गोठतं. जानेवारीच्या पहाटे बाटलीत बघता ना, तसंच कळेत गोठलेलं असेल तर घोडा जड पडतो.

—

माडाखाली:

दर रविवारी पुसायचे हे खरं. आंघोळीच्या आधी, आणि उरलेलं तेल डोक्याला 🙂

—

ठासणीवाली:

मध्येच विचारते. आमच्याकडे परवान्याची जुनी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची, बंदूक आहे. तिलाही हेच सगळं?

—

पलटणवाला:

नाही ताई, तिचं गणित उलटं. काळ्या दारूची राख खारट असते, हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज चढवते. ती तेलात नाही, पाण्यात विरघळते. त्या राखेवर सरळ खनिज तेल घातलंत तर डांबर होईल. भरलेली नाही याची आधी खात्री करायची, ठासणीच्या बंदुकीत ते मोडून दिसत नाही, गज टाकून खोली मोजावी लागते. मग साबणाचं गरम पाणी, नंतर नुसतं कढत पाणी. नळी तापली की आपोआप सुकते. पूर्ण सुकल्यावरच तेल. जुन्या .३०३ रायफलीतही आम्ही नरसाळ्यानं कढत पाणीच ओतायचो, तिच्या काडतुसाच्या टोपीतूनही क्षार उरायचे.

—

पुण्याची_नेमबाज:

एक भर. हे वाचून कुणी एअर रायफलमध्ये तेल ओतू नका प्लीज. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये हवा दाबली की ती इतकी तापते की खनिज तेलाचा तिथे भडका उडतो, डिझेल इंजिनसारखा. सील जातं, स्प्रिंगही. कंपनीनं सांगितलेलं तेलच, तेही थेंबभर.

आणि दस्त्यासाठी: पांढुरका पडलाय म्हणजे लाकूड कोरडं झालंय. उकळलेलं जवसाचं तेल (दुकानातलं 'बॉइल्ड लिनसीड ऑइल', घरी उकळायचं नाही) बोटावर घेऊन तळहातानं गरम होईपर्यंत चोळा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, एक दिवस सुकू द्या, असं तीन-चारदा. धातूला मात्र जवस नको, ते वार्निशसारखं सुकतं. या जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपसूक तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

—

धागाकर्ता:

सर्वांचे आभार. शनिवार-रविवार बसलो. ठसे गेले, सुतळीचा वळ फिकट झाला पण आहे. पीळ अजून मोजता येतो.

एक गंमत सांगायची राहिली. डाव्या नळीत चिंधी अर्ध्यावर अडली. बॅटरी मारून बघितलं तर कुंभारीण माशीनं मातीचं घरटं केलेलं, बोटाएवढं, आत वाळलेले कोळी. गजानं हळूहळू फोडून काढलं. परवाच वानरं आली होती आणि मी आळसानं बंदूक काढली नव्हती. काढली असती तर त्या मातीवर बार झाला असता. आत्याला सांगितलं तर म्हणाली, बघ, मी रोज देवाला सांगते.

नळीचं तोंड खाली करून ठेवलीय, जुन्या बनियनच्या घडीवर. कपाटात सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांची पुडी टाकलीय, गुलाबी झाली की तव्यावर गरम करून परत. खोबरेल डोक्याला.

आता एकच प्रश्न उरलाय. पुढच्या निवडणुकीला जमा करताना जाड तेल लावून, वर तेलकट कापड गुंडाळून दिली तर ठाण्यात घेतात का? की क्रमांक बघायला सगळं उघडायला लावतात? कुणी दिली असेल तर सांगा. आणि चिठ्ठी बांधायला सुतळीऐवजी नायलॉनची दोरी मीच घेऊन जाणार आहे.