मदत हवी आहे : डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर असताना सिस्टमडीने ॲप्लिकेशन कसे सुरू करावे?

नमस्कार. सदाशिव पेठेतील एका सार्वजनिक ग्रंथालयाची संगणकीकृत पुस्तकसूची मी सांभाळतो. पायथनमधील ॲप्लिकेशन एका सर्व्हरवर आणि पोस्टग्रेस डेटाबेस शेजारच्या सर्व्हरवर आहे. दोन्हींवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे, आणि तिच्यातील सेवा सुरू करण्याचे व सांभाळण्याचे काम सिस्टमडी करते. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली आणि यूपीएसही संपला की दोन्ही बंद पडतात व वीज आल्यावर एकाच वेळी सुरू होतात. ॲप्लिकेशन आधी उठते, डेटाबेस न सापडल्याने बंद पडते आणि कोणी हाताने सुरू करेपर्यंत तसेच राहते. तोवर देवघेव खोळंबते, आणि लांबून आलेल्या ज्येष्ठ वाचकांना रिकाम्या हाताने परतावे लागते, हे मला फार लागते.

ॲप्लिकेशन कसे सुरू करायचे हे सिस्टमडीला सांगणाऱ्या युनिट फाइलमध्ये ‘नेटवर्क-ऑनलाइन’ टार्गेटसाठी (म्हणजे नेटवर्क जोडले जाण्याच्या टप्प्यासाठी) ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही लिहिले आहेत, कारण ‘आफ्टर’ने फक्त क्रम ठरतो, ते टार्गेट सुरू केले जाईलच असे नाही. मात्र त्यातून या यंत्राचे नेटवर्क जोडले गेले एवढेच समजते. पलीकडच्या यंत्रावरील पोस्टग्रेस तयार आहे की नाही, हे इथल्या सिस्टमडीला कळण्याचा मार्ग नाही. ॲप्लिकेशन चुकीमुळे बंद पडल्यास पुन्हा सुरू व्हावे म्हणून ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ दिले आहे, पण दोन प्रयत्नांतील मूळ अंतर 100 मिलिसेकंद आणि मर्यादा 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करण्याची असल्यामुळे, डेटाबेस उठण्याआधीच सारे प्रयत्न संपतात.

म्हणून ‘रीस्टार्टसेक’ (दोन प्रयत्नांतील अंतर) 10 सेकंद करून ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ला (मर्यादा मोजण्याच्या कालावधीला) शून्य द्यावे, म्हणजे मर्यादाच उरणार नाही, असा विचार आहे. पण मग पासवर्ड बदलल्यासारखी खरी चूक असतानाही ॲप्लिकेशन अखंड उठत-पडत राहील आणि ती चूक कोणाच्या लक्षात येणार नाही, ही मला मोठी अडचण वाटते. डेटाबेसची वाट पाहण्याचे काम ॲप्लिकेशनच्या कोडमध्येच घालणे मला अधिक योग्य वाटते. तसे केल्यास ‘टाइप’ला ‘सिंपल’ऐवजी ‘नोटिफाय’ देऊन, जोडणी झाल्यावरच तयार असल्याचा संदेश पाठवता येईल. तेव्हा ‘टाइमआउटस्टार्टसेक’ची, म्हणजे सुरू होण्यासाठी दिलेली, मूळ 90 सेकंदांची मुदत वाढवावी, की ती संपू देऊन पुढचे ‘रीस्टार्ट’वर सोपवावे?

अशी दोन यंत्रांची मांडणी प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी कोणता मार्ग निवडला व का, हे कृपया सांगावे. ग्रंथालयात पूर्णवेळ तंत्रज्ञ नसल्याने कुबरनेटीससारखी मोठी व्यवस्था सुचवू नये, ही विनंती. संपूर्ण युनिट फाइल आणि जर्नलमधील (सिस्टमडीच्या नोंदवहीतील) नोंदी हव्या असल्यास इथेच देतो.