मदत हवी आहे : आरोग्य योजनेबद्दल गावाचे मत नेमके कसे विचारावे?

बांधावरून
नमस्कार. येत्या ग्रामसभेत आरोग्य योजनेवर चर्चा ठेवायची आहे आणि त्याआधी घरोघरी जाऊन लोकांचे मत गोळा करण्याचे काम आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी अंगावर घेतले आहे. प्रश्नावली तयार आहे, पण चाचणी म्हणून काही घरांत विचारून पाहिले, तेव्हा जे हाती आले त्याचा अर्थच लागत नाही. 'योजना चांगली आहे का?' या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाने 'चांगली आहे' असे उत्तर दिले आणि त्याच माणसांनी लगेच पुढे दवाखान्यापायी कर्ज काढावे लागल्याचे सांगितले. एका मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कार्ड मोठ्या कौतुकाने बाहेर काढले. त्याच पिशवीत मुलाच्या शस्त्रक्रियेची, पूर्ण रोख भरलेली बिले होती. हे ग्रामसभेपुढे मांडायचे तरी कसे? वेळ फार कमी आहे. प्रश्न कसे बदलावेत, एवढेच कृपया सांगावे.

तळटीप
कोणत्या योजनेबद्दल विचारत आहात, जिल्हा कोणता, गाव केवढे, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि आता महाराष्ट्रात दोन्ही एकत्रितपणे राबवल्या जातात. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ही योजना राज्यातील सर्वांना लागू करण्याचा आणि मोफत उपचारांच्या खर्चाची दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ती सुधारणा निराळीच. आपण नुसते 'योजना' म्हणालात, तर उत्तर देणाऱ्याच्या मनात यांपैकी काय आहे हे आपल्याला कसे कळणार?

अमराई
कार्ड काढणे अगदी सोपे आहे. आधार कार्ड आणि शिधापत्रिका घेऊन जवळच्या सेवा केंद्रात जावे, किंवा अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटावे. आमच्या घरातल्या सर्वांची कार्डे तशीच निघाली.

बांधावरून
अमराई, आभारी आहे, पण कार्डे बहुतेकांकडे आहेत, प्रश्न तो नाही. तळटीप, फुले योजनाच. गाव मराठवाड्यातले असून साधारण सहाशे उंबऱ्यांचे आहे. अंगीकृत रुग्णालये जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, तालुक्याला फक्त ग्रामीण रुग्णालय आहे. आमच्याकडे सगळे तिला अजून 'जीवनदायी'च म्हणतात, म्हणून वेगळे लिहिले नाही.

न्यूजर्सीकर
नाव फार महत्त्वाचे आहे. अमेरिकेत २०१० साली झालेल्या आरोग्य कायद्याला लोक 'ओबामाकेअर' म्हणू लागले. पाहणीत तेच नाव घेऊन विचारले की विरोध जास्त दिसे आणि कायद्याचे अधिकृत नाव घेतले की कमी होई. आजारी माणसाला विमा नाकारता येणार नाही, ही तरतूद मात्र विरोधकांपैकीही अनेकांना हवी होती. त्यामुळे नाव शक्यतो टाळून तरतुदींबद्दल विचारावे, असे माझे मत आहे.

माळरान
मुळात विम्याच्या योजनेवर मत विचारणेच चुकीचे आहे. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. तो आपल्या भागात पाळला जातो का आणि तिथे डॉक्टर मुक्कामी राहतात का, हे विचारा. फुले योजना प्रामुख्याने भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची रोजची गोळी तिच्यात बसत नाही आणि घराचा पैसा महिन्याच्या महिन्याला तिथेच जातो. योजनेवरच्या पैशातून सरकारी दवाखाने सुधारले असते, तर ही बिले झालीच नसती.

तालुका_दवाखाना
माळरान यांच्याशी मी सहमत नाही. मी लहान रुग्णालय चालवतो. हृदयाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया उपकेंद्रात होत नाही आणि ज्यांना ती परवडत नव्हती अशा कुटुंबांतली माणसे या योजनेमुळे घरी चालत गेलेली मी पाहिली आहेत. अडचण दरांची आहे. ठरवून दिलेल्या रकमेत खर्च भागत नाही आणि ती रक्कमही उशिरा मिळते, मग काही ठिकाणी रुग्णाकडे अनामत मागितली जाते, जे अर्थातच गैर आहे. लोकांचे मत घेता तसे आम्हा डॉक्टरांचेही घ्यावे.

माळरान
गैर आहे हे आपणच म्हणता आणि कारणही आपणच पुढे करता! दर परवडत नसतील, तर अंगीकृत होऊ नये. कॅशलेस योजनेतल्या रुग्णाकडून पैसे घेण्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

निवृत्त_प्रगणक
आपण दोघे धागाकर्त्याचा प्रश्न बाजूला ठेवून भांडत आहात. मी अनेक वर्षे नमुना पाहण्यांचे काम केले आहे, म्हणून लिहितो.

'चांगली आहे का?' हा प्रश्न काढून टाका. त्याला मिळणारे 'हो' खोटे नसते. उद्या वेळ आली तर आधार मिळेल, या आशेचे ते उत्तर असते आणि शिवाय विचारणारा सरकारचा माणूस असेल अशीही शंका असते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत आरोग्याबद्दल विचारताना आधी मत विचारलेच नव्हते. गेल्या ३६५ दिवसांत घरातले कोणी रुग्णालयात भरती झाले का, गेल्या १५ दिवसांत कोणाला दुखणे होते का, आणि मग कुठे गेलात, किती खर्च आला, पैसे कुठून उभे केले, असा क्रम होता. तोच धरा. भरती झालेल्या घरात पुढे विचारा : कार्ड दाखवले का, कोणाला दाखवले, काय उत्तर मिळाले, अनामत भरली का, औषधे किंवा तपासण्या बाहेरून कराव्या लागल्या का, पावती आहे का. मत सगळ्यांत शेवटी, आणि तेही 'या योजनेत एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती?' असे.

घरे ओळखीने निवडू नका. घरयादीवरून दर दहावे घर घ्या. सोबत सरपंच, सदस्य किंवा आशाताई नकोत, कारण त्यांच्यासमोर कोणी तक्रार सांगत नाही. शक्यतो घरातल्या बाईंशी स्वतंत्रपणे बोला, कारण बाहेरून आणलेल्या औषधांचा हिशेब बहुधा त्यांनाच ठाऊक असतो.

बांधावरून
हेच हवे होते. प्रश्नावली त्या क्रमाने बदलली. अडचण एकच राहते : दर दहावे घर घेतले, तर साठच घरे होतात आणि वर्षभरात भरती झालेले रुग्ण त्यांत अगदी मोजके निघतील. त्यावरून ग्रामसभेत काही बोलता येईल का?

निवृत्त_प्रगणक
टक्केवारी काढू नका. साठ घरांचे मत एका तक्त्यात मांडा. शिवाय गावात वर्षभरात ज्या ज्या घरातले कोणी भरती झाले, त्या सगळ्या घरांची वेगळी यादी करून प्रत्येक घरी जा. सहाशे उंबऱ्यांत हे शक्य आहे. दोन्ही तक्ते वेगळेच ठेवा, एकत्र मिसळू नका.

तळटीप
एक भर. ज्या घरातला रुग्ण दगावला, ती घरे या यादीतून हमखास सुटतात, कारण 'आता कशाला विचारायचे' म्हणून कार्यकर्ते पुढे जातात. राष्ट्रीय पाहणीत मृत सदस्यांचीही नोंद घेतली जाते. खर्च बहुतेकदा त्याच घरांत सर्वांत जास्त झालेला असतो.

बांधावरून
ती घरे यादीत घेतली आहेत. तिथे मी स्वतः जाणार आहे, नव्या मुलांना पाठवणार नाही. डॉक्टरसाहेब, जिल्ह्याच्या रुग्णालयांत उपचाराआधी योजनेकडून घ्यायच्या पूर्वमंजुरीला साधारण किती वेळ लागतो आणि तोवर रुग्णाला काय सांगितले जाते, हे आपण लिहू शकलात तर ग्रामसभेत ते वाचून दाखवीन.